बेरिल आंटीचे चोवीस तास

बेरिल कुपिडो आपल्या दोन्ही किडन्यांना नावानं हाक मारायची. डावी सन्ना आणि उजवा मॅकेन्झी. सन्ना तिची पणजी, डोंगरापलीकडच्या मिशनच्या गावात शेळ्या राखणारी. मॅकेन्झी म्हणजे दोन दिवसांसाठी जहाजावरून उतरलेला आणि पुन्हा कधीच न चढलेला स्कॉटिश खलाशी, तोही पणजोबांपैकीच एक. आगेमागच्या पिढ्यांत सेंट हेलेना बेटावरची एक शिंपीण होती, बंगालातून गुलाम म्हणून आणलेल्या बाईची नात होती, जावाहून आलेला एक सुतार होता. पण किडन्या पडल्या दोनच. मग बाकीच्यांना बेरिलनं गुडघे, दात आणि आवाज वाटून दिले होते.

"सन्ना दिलदार," ती सांगायची. "मागेल त्याला देते. हा मॅकेन्झी मात्र थेंबसुद्धा विचार करून सोडतो."

बेरिल अडुसष्ट वर्षांची. त्यांतली एकतीस वर्षं तिनं कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर बसवल्या होत्या. नवरा अ‍ॅटी सहा वर्षांपूर्वी गेला. तो बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. शनिवारी सभागृहात जोड्या हात लांबवून, गिरक्या घेत नाचायच्या, तेव्हा बेरिलला दर आठवड्याला दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याबरोबर नाचावं लागायचं, कारण तिचा स्वतःचा स्टेजवर फुंकत बसलेला असायचा. सॅक्सोफोन अजून कपाटावर होता. बेलव्हिल साउथमधलं हिरव्या फाटकाचं तिचं घर दोन खोल्यांचं होतं, आणि मागच्या दोरीवरचे कपडे उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं असे उडायचे की बेरिलला वाटायचं, घरात माणसं आहेत, नुसती घाईत आहेत.

शेजारी गदीजा. चाळीस वर्षं दोघींच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत होती. नाताळला या बाजूनं केक जायचा, ईदला त्या बाजूनं समोसे यायचे, आणि भांडण झालं की तीन दिवस नुसतीच रिकामी ताटं भिंतीवर ठेवली जायची.

साखरेचा आजार बेरिलला पंधरा वर्षांपासून होता. त्याचं तिला फारसं काही नव्हतं. त्या रस्त्यावर साखर नसलेला माणूस शोधावा लागला असता. पण जानेवारीत क्लिनिकातल्या तरुण डॉक्टरनं तिच्या रक्ताचा कागद समोर ठेवला, कॉम्प्युटरमध्ये तिचं वय घातलं, बाई असं घातलं, आणि थांबला.

"आंटी, इथं विचारतोय. तुम्ही काळ्या, की इतर?"

"इतर म्हणजे कोण रे?"

"म्हणजे... जे काळे नाहीत ते सगळे."

"मग मी थोडी ही आणि थोडी ती. दोन्हीवर खूण कर."

"दोन्हीवर होत नाही. एकच घेतो तो."

"मग तू एकेक करून बघ. मला कुठं गाडी पकडायची आहे?"

डॉक्टरनं काळ्यांच्या चौकटीवर बोट ठेवलं. किडनीचं काम शंभरात पस्तीस. दुसऱ्या चौकटीवर ठेवलं. एकोणतीस. बेरिल कॉम्प्युटरकडे वाकून बघत राहिली. रक्त तेच, बाई तीच, खुर्चीही हलली नव्हती.

"म्हणजे माझ्या किडन्या तुझ्या बोटावर आहेत?" ती म्हणाली.

डॉक्टर हसला नाही. तीसच्या खाली आकडा गेला की तिची गोळी बंद करून इन्सुलिनची सुई सुरू करावी लागते, आणि मोठ्या हॉस्पिटलात किडनीवाल्यांकडे नाव लावावं लागतं, असं त्यानं सांगितलं. बेरिलला सुईची भीती नव्हती. उभं आयुष्य तिनं सुईबरोबर काढलं होतं. भीती होती ती लिझेलची.

लिझेल तिची मुलगी, पोर्ट एलिझाबेथला राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. मागच्या नाताळात तिनं आईला स्वयंपाकघरात उभं करून वचन घेतलं होतं. किडनीचा आकडा तीसच्या खाली आला, की हिरवं फाटक बंद करायचं, घर भाड्यानं द्यायचं आणि सामान बांधून तिच्याकडे यायचं. बेरिलनं वचन देऊन टाकलं होतं, कारण तेव्हा आकडा बेचाळीस होता आणि ओव्हनमध्ये बटाटे करपत होते.

"एकोणतीस, ममी," लिझेल फोनवर म्हणाली. "सरळ दिसतंय."

"पस्तीससुद्धा सरळच दिसतंय."

"तुला आवडेल तो आकडा घेता येत नाही."

"मग तुला आवडेल तो तरी मी का घेऊ?"

तीन दिवस हे चाललं. शेवटी मार्ग काढला तो क्लिनिकातल्या सिस्टर लोरेंझा सेप्टेंबरनं. ही उंच, सावकाश बोलणारी बाई त्याच वस्तीत चार गल्ल्या सोडून राहायची. विद्यापीठाची माणसं सध्या तिच्या मदतीनं एक तपासणी करत होती.

"हे गणित दुसऱ्या देशातल्या माणसांवरून बांधलंय, आंटी बेरिल," ती म्हणाली. "तिकडे दोनच चौकटी होत्या. आपण मिसळलेली माणसं. आपल्याला यातलं कुठलं लागू पडतं हे कुणी नीट मोजलेलंच नाही. तेच आता मोजतोय. अंदाज नको असेल तर एकच उपाय आहे. चोवीस तासांची लघवी. सगळी. एक थेंब इकडेतिकडे नाही."

तिनं टेबलावर एक तपकिरी, तीन लिटरची कॅन ठेवली. वर चिकटपट्टीवर स्वतःच्या गोल अक्षरांत तपासणीतला बेरिलचा नंबर लिहिला होता: सत्तेचाळीस.

"शनिवारी सकाळी सातला पहिली वाया घालवायची, त्यानंतरची प्रत्येक यात. रविवारी सातची शेवटची. थंड जागी ठेवायची. सातला मी दाराशी येईन."

"शनिवारी गदीजाच्या भाचीचं लग्न आहे."

"मग पुढच्या महिन्यात करू."

पुढच्या महिन्यापर्यंत लिझेल खोकी घेऊन आली असती. बेरिलनं कॅन काखेत मारली.

घरी येऊन तिनं कॅनकडे सर्व बाजूंनी पाहिलं. अशी बोडकी वस्तू लग्नात न्यायची म्हणजे अ‍ॅटीचं नाव घालवणं. भाचीच्या पाठराखणींचे पीच रंगाचे साटिनचे झगे बेरिलनंच शिवले होते, आणि कापड उरलं होतं. त्याच्या पट्ट्या कापून गदीजाच्या बहिणींनी बरकतीच्या पुड्या बांधायला नेल्या होत्या. लग्नाला जे येऊ शकत नाहीत, म्हातारे, आजारी, त्यांच्या घरी लग्नातलं गोडधोड पोचवायचं, ही त्यांच्याकडची बरकत. ती न पोचवता लग्न उरकलं असं कुणी मानत नाही. राहिलेल्या तुकड्याचं बेरिलनं कॅनसाठी झबलं शिवलं. तळाला दुहेरी शिवण, गळ्याशी नाडी, आणि हात रिकामा होता म्हणून वर एक फूल.

"हे काय गं?" गदीजानं भिंतीवरून विचारलं.

"सन्ना आणि मॅकेन्झी. लग्नाला येतायत."

गदीजा भिंत धरून हसली. तिचा डोक्यावरचा रुमाल सुटला तरी थांबेना.

शनिवारी सातला बेरिलनं पहिली वाया घालवली. आठची, दहाची आणि साडेअकराची कॅनमध्ये गेली. दुपारी सभागृहात पोचताच ती थेट मागच्या स्वयंपाकघरात शिरली आणि मोठ्या फ्रीजच्या खालच्या फळीवर, बरकतीच्या पुड्यांमागे, कोपऱ्यात, कॅन ठेवली. मग निर्धास्त होऊन जेवायला बसली. बिर्याणी तिनं मोजून खाल्ली. फालुद्याचा गुलाबी पेला समोरून गेला तेव्हा तिनं वधूकडे बघितलं, म्हणजे पेल्याकडे बघावं लागणार नाही.

तीन वाजता तिला जावं लागलं. फ्रीज उघडला. खालची फळी लख्ख रिकामी होती.

"इथल्या पुड्या कुठं आहेत?" तिनं भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं.

"बरकत? ती फाल्दिएल घेऊन गेला की. पीच रंगाचं दिसेल ते सगळं भर, म्हणून सांगितलं होतं त्याला."

बेरिलनं आपल्या दुहेरी शिवणीला मनात एक शिवी दिली आणि गदीजाला दंडाला धरून बाहेर काढलं. ऐकल्यावर गदीजाला आधी बोलताच येईना.

"तुझी... बरकत म्हणून?"

"हस. हस तू. तीसच्या खाली गेले की भिंतीपलीकडे भाडेकरू येतील. ढोल वाजवणारे येऊ देत."

गदीजाचं हसू थांबलं. तिनं पदरासारखा रुमाल आवळला. "चल."

फाल्दिएल, गदीजाचा थोरला भाऊ, पिकअप रिकामी करून नुकताच परतला होता आणि सभागृहाच्या सावलीत कान साफ करत होता.

"बूता," गदीजानं थोरल्या भावाला नेहमीची हाक मारली, "फूल लावलेली पुडी कुणाला दिलीस?"

"फूलवाली? ती भारी होती. म्हटलं सगळ्यात मानाची दिसते, सगळ्यात म्हाताऱ्या बाईला देऊ. आंटी कुलसुमला दिली."

"बूता, गाडी काढ."

"माझं जेवण व्हायचंय."

"त्यात माझी लघवी आहे," बेरिल म्हणाली.

फाल्दिएलनं गाडी काढली. पुढच्या सीटवर तिघं, दोघी लग्नाच्या कपड्यांत, आणि वारा असा की फाल्दिएलची लाल टोपी खिडकीतून उडून एका कुंपणावर जाऊन बसली. ती घ्यायला तो थांबला नाही. रस्ताभर तो फक्त एवढंच म्हणत होता, "मी ती दोन हातांनी दिली. वर दुवा मागितली."

आंटी कुलसुम ब्याण्णव वर्षांची. अंगणात खुर्चीवर बसून होती.

"पुडी? हो, आली. फार सुंदर कापड. हलवली तर आत डुचमळलं. म्हटलं फालुदा. मला क्लिनिकवालीनं सांगितलंय, फालुद्याकडे बघायचंसुद्धा नाही. कालच साखर सतरा होती, आठच्या आत हवी तिथं. मग बरकत अडवून कशाला ठेवायची? न उघडता मिस्टर आरेंड्सेला भिंतीवरून दिली. बसा. चहा घ्या."

"आंटी, आम्ही घाईत..."

"ब्याण्णव वर्षांत या घरातून कुणी चहाशिवाय गेलेलं नाही."

तिघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. बेरिल मात्र गुडघे जुळवून उभी होती. तीनला जे करायला ती उठली होती ते अजून राहिलंच होतं.

"आंटी कुलसुम," ती हळूच म्हणाली, "एखादी रिकामी बाटली आहे का? झाकणाची?"

म्हातारीनं काही न विचारता जर्दाळूच्या मुरंब्याची मोठी बरणी दिली. बेरिलनं ती घासून, कोरडी करून घेतली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा बरणी पर्समध्ये होती आणि ती पर्स ती तान्ह्या मुलासारखी धरत होती.

मिस्टर आरेंड्से निवृत्त शाळामास्तर, बागेतसुद्धा टाय लावणारे. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"फालुदा होता, असं आंटी कुलसुम म्हणाल्या. मी... मी तो घेतला नाही."

"का हो? तुम्हाला कुठं साखर आहे?" गदीजा म्हणाली.

मास्तर टायशी खेळले. "आहे. चार वर्षं झाली. कुणाला बोललो नाही."

"अहो, आम्ही क्लिनिकात एकमेकींच्या मांडीवर बसतो, एवढी गर्दी! या की उजळ माथ्यानं."

"मी त्या पुडीकडे पंधरा मिनिटं बघत बसलो होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "नाडीवर हातही ठेवला. एक घोट, म्हटलं. कोण बघतंय? मग बायकोचा फोटो दिसला."

बेरिलला हसू आवरेना. तिनं ओठ आवळले, गदीजाचा हात दाबला, पण गदीजानंही तेवढ्याच जोरानं दाबला आणि मग दोघींचा बांध एकदमच फुटला. मास्तर बावचळून बघत होते. फाल्दिएलनं त्यांच्या कानात काय ते सांगितलं. मास्तरांनी टाय सैल केला, दाराच्या पायरीवर बसले आणि चार वर्षांत हसले नसतील तेवढे हसले.

"म्हणजे आज माझ्या बायकोनं मला वाचवलं," डोळे पुसत ते म्हणाले. "समोरच्या फेब्रुवारी बहिणींना दिली मी."

फेब्रुवारी बहिणी दोघी, आडनाव सिस्टरसारखंच महिन्याचं. दोघींना साखर. दोघींनी एकमेकींवर पाळत ठेवून पुडी अर्धा तास टेबलाच्या मधोमध ठेवली होती, शेवटी एकमेकींवरचा विश्वास उडाल्यामुळे बाहेर काढली होती. इथंही चहा झाला आणि बरणीत भर पडली.

"आम्ही विचार केला," थोरली म्हणाली, "या सगळ्या भागात साखर नसलेलं कोण आहे? एकच नाव आलं."

"कुणाचं?"

"सिस्टर सेप्टेंबर. बिचारी शनिवारी घरीच असते. तिच्याकडे पोचती केली."

बेरिल पिकअपमध्ये जाऊन बसली, पण यावेळी कुणी हसलं नाही. सिस्टर नियमांची पक्की होती. एक थेंब इकडेतिकडे नाही, असं तिनंच सांगितलं होतं. तीन घरं फिरून आलेली, भिंतीवरून दिलेली, अर्धा तास टेबलावर ठेवलेली कॅन ती कशाला घेईल? पुढचा महिना, मग खोकी, मग बसचं तिकीट. बेरिलला तिचं फाटक दिसलं, कुणीतरी दुसऱ्याच रंगात रंगवलेलं.

सिस्टर लोरेंझा सेप्टेंबर आपल्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिनं त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं, पण उठली नाही.

"बावीस वर्षं नर्स आहे मी," ती सावकाश म्हणाली. "लोकांनी अंडी आणली. तळून नारळात घोळवलेले गोड कूकसिस्टर आणले. एकानं जिवंत कोंबडी आणली. पण फूल लावून हे मला आजवर कुणी पाठवलं नव्हतं."

"तू उघडलंस?"

"नाडी ओढली. बघते तर माझंच अक्षर. सत्तेचाळीस."

"सिस्टर," बेरिल म्हणाली, आणि तिला आपला आवाज अनोळखी वाटला, "झाकण कुणी काढलेलं नाही. रस्ताभर सगळ्यांना साखर आहे, म्हणून कुणी हात लावला नाही. मी शपथ घेते. आणि मधल्या वेळचं..." तिनं पर्स उघडून बरणी बाहेर काढली. "मधल्या वेळचं इथं आहे. चोख."

सिस्टरनं बरणी उजेडात धरली. तिच्यावर अजून जर्दाळूचं चित्र होतं. ती आत गेली. फ्रीजचं दार वाजलं. बाहेर आली ती कॅन घेऊन. झाकण घट्ट बसलेलं तिनं सगळ्यांना दाखवलं, कॅनला हात लावून बघायला सांगितलं. गार होती.

"दीड तास उन्हाचा नाही, सावलीचा गेला. एवढ्यानं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "घेते मी. पण आंटी बेरिल, आता उद्या सकाळी सातपर्यंत तुम्ही आणि ही कॅन, दोघींनी घरातून हलायचं नाही."

फाल्दिएलनं पुन्हा दुवा मागितली. या खेपेला कशासाठी ते त्याला ठाऊक होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. बेरिल क्लिनिकात गेली तेव्हा बाकावर तिच्याशेजारी मिस्टर आरेंड्से बसले होते, टाय लावून, हातात स्वतःचं कार्ड उघड धरून. सिस्टरनं बेरिलला आत घेतलं आणि ठरल्याप्रमाणे लिझेलला फोन लावून टेबलावर ठेवला.

"ऐका दोघी. पस्तीस चूक आहे."

"बघ ममी, मी..."

"एकोणतीसही चूक आहे. खऱ्याच्या जवळ तेच होतं, हे कबूल. आंटीसारख्या बऱ्याच जणांत आम्हाला तसंच दिसतंय, ते वाढवून सांगणारं गणित आपल्याला बसत नाही. पण मोजलेला आकडा एकतीस आहे."

बेरिलनं कागद ओढून घेतला आणि एकतीसच्या त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं, डॉक्टरनं ठेवलं होतं तसं. ते आपले जागच्या जागी राहिले.

"एकनं?" लिझेल म्हणाली.

"एकनं," बेरिल म्हणाली. "लिझी, कारखान्यात माझी कॉलर एका टाक्यानं सरकली तर रिजेक्ट करायचे. जन्मभर एका टाक्यासाठी बोलणी खाल्ली मी. आज तो टाका माझ्या बाजूनं पडलाय, तर पडू दे की."

लिझेल गणिताची होती. तिनं शब्द मोडला नाही. "गोळी?" एवढंच विचारलं.

"अर्धी करणार," सिस्टर म्हणाली. "मीठ कमी. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं."

"पुन्हा चोवीस तास?"

"पुन्हा चोवीस तास. लग्न नसलेला शनिवार बघून."

"मग मी ईस्टरला येते, ममी. खोकी न घेता," लिझेल म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "पण मला आधी सांग, मास्तरांनी खरंच नाडीवर हात ठेवला होता?"

त्या संध्याकाळी बेरिलनं कपाटावरचा सॅक्सोफोन खाली काढून पुसला आणि परत ठेवला. मग मशीन उघडली. तपासणीतल्या उरलेल्या माणसांच्या कॅनसाठी तिनं सिस्टरला झबली कबूल केली होती. कापड तिनं मुद्दाम निवडलं, शाळेच्या पँटचं, राखाडी, जे पाहून कुणाला भूक लागणार नाही आणि कुणी दुवा मागणार नाही. तेवीस झाली. तिचं स्वतःचं मागच्या दोरीवर वाळत होतं, पीच रंगाचं, आणि वारा त्याला सारखा फुगवत होता.

"गदीजा," तिनं भिंतीवरून हाक मारली, "पुढचं लग्न कुणाचं गं?"